पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं?

परीक्षा जवळ आली की वर्गात ठरलेली सूचना येते: धडा पुन्हा वाचा. दुसरी पद्धत कमी दिसते: पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. ओळखीच्या ओळी दिसल्या की ‘येतंय की मला’ असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

साताऱ्यातल्या सातवीच्या वर्गात कृष्णा नदी शिकवून झाली, असं धरा. वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा: वेण्णा कृष्णेला कुठे मिळते? कोयना? वारणा? माहुली जवळची, ती पटकन येईल. कऱ्हाडही येईल. सांगलीजवळच्या हरिपूरला पेन थांबेल, आणि ते थांबणंच मोलाचं आहे. मग लगेच पुस्तक उघडून मुलांनी स्वतः तपासायचं. ही पायरी गाळू नका, नाहीतर चुकीचं उत्तरच डोक्यात बसेल. गुण अजिबात नकोत. गुण आले की पोरं शेजारच्या वहीत डोकावतात. तेच प्रश्न दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने.

धडा मुळात समजलाच नसेल, तर आधी वाचनच हवं. एरवी तासाची शेवटची काही मिनिटं मी आठवण्यालाच देईन. पट साठचा असला तरी जमतं, कारण वह्यांचा गठ्ठा घरी न्यावा लागत नाही.