‘सोलर’ काजू ड्रायर घेताय? आधी मेन स्विच बंद करायला सांगा

सावंतवाडी तालुक्यात आमचा घरगुती काजू कारखाना आहे. बी उकडून, कापून गर काढला की तो ड्रायरमध्ये सात-आठ तास 65-70 अंशांवर ठेवावा लागतो, तेव्हा कुठे वरची साल हाताने सुटते. गर नीट सुकला नाही तर सुरी लावावी लागते, अख्ख्या गराची पाकळी होते आणि भाव कोसळतो. विजेचा खर्च झेपेना, म्हणून एका कृषी प्रदर्शनातून ‘विजेशिवाय चालणारा सोलर ड्रायर’ पावणेदोन लाखांना घेतला.

गर उत्तम सुकायचा. वीजबिल मात्र पूर्वीपेक्षा जास्त आलं. वायरमनने मागचा पत्रा खोलला तर आत हीटरच्या कॉइल! वरचं 330 वॅटचं पॅनल नुसता पंखा फिरवत होतं.

हिशेब तुम्हीच करून बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान 0.63 युनिट उष्णता लागते. 100 किलो गरातून पाचेक लिटर पाणी काढायचं, म्हणजे तीन युनिटांच्या वर गेलात. हवा, ट्रे, पत्रे तापवायला लागते ती वेगळी. आणि ते पॅनल कडक उन्हातसुद्धा दिवसभरात दीड युनिटाच्या आसपासच देतं! खऱ्या सोलर ड्रायरमध्ये काचेखाली किंवा पॉलिकार्बोनेटखाली काळा पत्रा उन्हाने तापतो आणि ती गरम हवा ट्रेंमधून जाते. त्याला ऐसपैस जागा लागते. कपाटाएवढं यंत्र आणि वर एकच पॅनल दिसलं की तिथेच थांबा.

अनुदानाचीही थाप होतीच: “35 टक्के आम्ही मिळवून देतो, आत्ता फक्त फाइलचे पैसे भरा.” सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे हे खरं. पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं. यंत्र विकणारा ते मंजूर करू शकत नाही.

बिलावर त्यांनी नुसतं ‘ड्रायर मशीन’ लिहिलंय, ‘सोलर’ शब्दच नाही. हे मुद्दाम केलंय, याची मला खात्री आहे. बचत गटातल्या बायका दागिने गहाण टाकून असली यंत्रं घेतात, त्यांना लुबाडणाऱ्यांची चीड येते. बिलावर ‘सोलर’ आणि ‘विजेशिवाय’ हे शब्द लिहून घ्या. प्रात्यक्षिकाच्या वेळी मेन स्विच बंद करायला लावा, तासाभराने ट्रेमध्ये थर्मामीटर ठेवा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. सोबत वीजबिलं, उघड्या पत्र्याचे फोटो आणि ‘विजेशिवाय’ असं ठळक छापलेलं त्यांचंच माहितीपत्रक जोडलंय. तुमच्याकडे असं पत्रक असेल तर फेकू नका.