न धुता केस ताजे: ड्राय शॅम्पूचा स्प्रे घ्यावा की पावडर?

काल धुतलेले केस आज दुपारपर्यंत मुळाशी चिकट होऊन डोक्याला चप्प बसतात आणि पुन्हा न्हायला तर वेळ नसतो, अशा वेळी ड्राय शॅम्पू खरोखर कामी येतो. तो प्रामुख्याने दोन रूपांत मिळतो: दाबाखाली वायू भरलेला स्प्रे आणि डबीतली सुटी पावडर. दोन्ही बराच काळ वापरल्यानंतर माझा कौल पावडरीला आहे, पण स्प्रेची बाजूही नीट मांडायला हवी.

टाळूतील तैलग्रंथींमधून पाझरणाऱ्या सीबममध्ये, म्हणजे त्वचेच्या नैसर्गिक तेलात, ट्रायग्लिसराइड, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालिन हे तेलकट घटक असतात. हे तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच घाईत ओला हात फिरवून केस फक्त भिजतात, चिकटपणा तसाच राहतो. ड्राय शॅम्पूतील तांदळाच्या किंवा मक्याच्या स्टार्चचे बारीक कण हे तेल शोषून घेतात आणि केसांना किंचित खरखरीतपणा देतात, त्यामुळे मुळाशी उभारी येऊन केस दाट भासतात. सरळ, पातळ केसांवर तेल मुळापासून खाली लवकर उतरते, म्हणून अशा केसांवर हा फरक सर्वाधिक जाणवतो.

स्प्रेची खरी ताकद वेगात आहे. डबा हलवून, वीतभर अंतरावरून भांगाच्या दोन्ही बाजूंना फवारा मारला, एक-दोन मिनिटे थांबून बोटांनी चोळले आणि ब्रश फिरवला की काम झाले. मात्र डबा जवळ धरला, तर काळ्याभोर केसांत भांगालगत राखाडी पट्टा उमटतो आणि तो कितीही विंचरले तरी पुरता जात नाही. शिवाय त्यात ब्यूटेन, आयसोब्यूटेन, प्रोपेन यांसारखे ज्वलनशील वायू असतात, त्यामुळे पेटत्या गॅसजवळ किंवा बंद न्हाणीघरात तो मुळीच वापरू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत डव्ह, ट्रेसेमे आदी ब्रँडचे काही ड्राय शॅम्पू स्प्रे बेंझीन या कर्करोगकारक रसायनाच्या शक्यतेमुळे स्वतःहून परत मागवले होते. त्या प्रमाणाने आरोग्यास अपाय होणे अपेक्षित नसल्याचे कंपनीने सांगितले होते, तरी बेंझीनचे मूळ फवाऱ्याच्या वायूतच आढळले होते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

पावडरीत हा वायूच नसतो, आणि किती पडते आहे ते डोळ्यांना दिसते. केसांचे चार-पाच भाग पाडून, मऊ ब्रशच्या टोकावर चिमूटभर पावडर घेऊन ती फक्त मुळाशी टेकवावी आणि जास्तीची आधीच झटकून टाकावी. सुरुवातीला मुळे पांढुरकी दिसतात. पाचेक मिनिटे जाऊ दिली आणि बोटांच्या पेरांनी चोळले की तो पांढुरकेपणा ओसरतो आणि बटा एकमेकींपासून सुटतात. गडद केसांसाठी तपकिरी छटेची पावडर घ्यावी, फरक लगेच कळतो. माझ्या अनुभवात सर्वांत चांगला परिणाम रात्री झोपण्यापूर्वी लावल्यावर मिळतो, कारण रात्रभर तेल शोषले जाते आणि सकाळी केवळ विंचरणे उरते. गैरसोय एवढीच, की ती खांद्यांवर सांडते. कपडे बदलण्यापूर्वीच लावणे बरे.

केवळ कपाळावरच्या बटा चिकट झाल्या असतील, तर यांपैकी काहीच लागत नाही: बाकीचे केस बांधून तेवढ्याच बटा बेसिनपाशी शॅम्पूने धुवाव्यात आणि वाळवाव्यात.

दोन्ही प्रकारांकडून स्वच्छतेची अपेक्षा मात्र ठेवू नये. घाम, धूळ आणि मृत पेशी टाळूवरच राहतात, वर स्टार्चचा थर चढतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त वापर करू नये आणि त्यानंतर टाळू चोळून केस नीट धुवावेत. कोंडा, खाज किंवा लालसरपणा असेल, तर ड्राय शॅम्पू टाळून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: तेल शोषलेली पावडर ब्रशच्या दातांत अडकते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा केसांना लागते, त्यामुळे ब्रश दर आठवड्याला शॅम्पूच्या पाण्यात धुऊन पालथा वाळवावा.