पुण्यात जोडप्याचं आउटडोअर शूट: पेठेत सकाळी, पाण्याकाठी संध्याकाळी की टेकडीवर?

लग्न ठरलं, फोटोग्राफर ठरला, की घरात चर्चा सुरू होते ती जागेची. खडकवासला की मुळशी, शनिवारवाडा की आगाखान. वेळेचा विषय शूटच्या आदल्या रात्री निघतो. हा क्रम बदला. तीच जागा सकाळी आठला आणि दुपारी बाराला ओळखू येणार नाही इतकी वेगळी दिसते. पुण्यात शिवाय फाटक किती वाजता उघडतं आणि सिंहगड रोड किती वाजता तुंबतो, यावरही फोटो ठरतात. म्हणून आधी वेळ, मग जागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते, आणि मग जागा.

आधी घड्याळ

पुण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य साधारण सहा वाजून पन्नास मिनिटांनी उगवतो आणि सहाला चार-पाच मिनिटं कमी असताना मावळतो. डिसेंबर संपताना या वेळा ७:०७ आणि ६:०८ अशा होतात. मेच्या मध्यावर सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. सोनेरी उजेड म्हणतात तो सूर्य क्षितिजापासून दहाएक अंशांवर असल्यापासून मिळतो आणि आपल्याकडे तो पाऊण तासात संपतो. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतो तसा लांबलचक ‘गोल्डन अवर’ इथे धरून चालू नका. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. मावळल्यावर निळसर उजेडाची आणखी वीसेक मिनिटं मिळतात.

सूर्याची जागा आणि वेळ दाखवणारं ॲप नसेल तर सावली बघा. तुमची सावली उंचीच्या दुप्पट झाली की सूर्य साधारण २६ अंशांवर आलेला असतो, आणि चेहऱ्यावरचा उजेड तिथून पुढे बरा होत जातो. डिसेंबरअखेर ही वेळ चारच्या आसपास येते, मेमध्ये पाच वाजून गेल्यावर. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे डिसेंबरातलं शूट तासभर आधी सुरू केलं तरी चालतं. मेमध्ये तो दुपारी अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग, नाकाखाली सावली, आणि नवरीने नथ घातली असेल तर तिची सावली थेट ओठांवर. ती नंतर एडिटिंगमध्ये काढणं फार जिकिरीचं काम आहे.

एक गोष्ट ॲपवर सहसा दिसत नाही: डोंगर. पश्चिमेला पाच अंश उंचीचा डोंगर आडवा असेल, तर सूर्य कागदावरच्या वेळेच्या वीस-बावीस मिनिटं आधीच दिसेनासा होतो. मुळशी आणि पवनेकडे हमखास असंच होतं. तिथे सगळं वेळापत्रक अर्ध्या तासाने अलीकडे ओढा.

सकाळ की संध्याकाळ

सकाळी गर्दी नसते, रस्ते मोकळे असतात, हवा स्थिर असते. अडचण मेकअपची. नवरीच्या मेकअप, केस आणि साडीला दोन ते अडीच तास लागतात. डिसेंबरात सातला जागेवर उभं राहायचं तर मेकअप आर्टिस्टला चारला हजर राहावं लागतं, आणि बरेच जण पहाटेसाठी जादा पैसे घेतात. दुसरी अडचण धुरक्याची. हिवाळ्यात शहरातला धूर सकाळी खालीच अडकून बसतो. जवळच्या फोटोंना तो मऊपणा देतो, पण मागे शहराचा किंवा डोंगररांगेचा नजारा हवा असेल तर तो धुऊन निघाल्यासारखा फिका येतो.

संध्याकाळी तयारी आरामात होते, आणि जोडप्याला कॅमेऱ्याची सवय व्हायला जो अर्धा तास लागतो तो कडक उन्हात वाया गेला तरी चालतो, कारण चांगला उजेड पुढे असतो. सकाळी नेमकं उलटं होतं. उत्तम उजेड पहिल्या अर्ध्या तासात असतो आणि त्याच वेळी दोघं अवघडलेले असतात. कॅमेऱ्यासमोर बुजणाऱ्यांनी म्हणूनच संध्याकाळ घ्यावी. संध्याकाळचा धोका एकच: ट्रॅफिक. चाळीस मिनिटं उशीर झाला तर शूटच गेलं, कारण सूर्य थांबत नाही.

पेठा, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस

नऊवारी, पैठणी, फेटा असा थाट असेल तर पेठांना तोड नाही, पण फक्त सकाळी. दुकानं दहा-साडेदहानंतर उघडतात, तोवर बोळ मोकळे असतात. बोळ अरुंद असल्यामुळे थेट ऊन उशिरा उतरतं आणि साडेसात ते नऊ या वेळात दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतणारा मऊ उजेड मिळतो. पैठणीची जर अशा कडेने येणाऱ्या उजेडात चमकते. उजेड पाठीमागून आला की पदर काळपट, सपाट दिसतो. पदर दाखवायचा असेल तर नवरीला उजेडाच्या काटकोनात उभं करा. जुन्या वाड्याचा दरवाजा, ओटा, जिना वापरायचा असेल तर आदल्या दिवशी घरमालकांना विचारून ठेवा. सकाळी साडेसातला कुणाच्या दारात रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारी चकती) उघडून उभं राहणं बरं नाही.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे, आणि बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. साधारण २३ सप्टेंबर ते २१ मार्च या काळात, म्हणजे लग्नसराईच्या मोठ्या भागात, सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो आणि दरवाजावर ऊन पडतच नाही. सोनेरी उजेडात न्हालेला दरवाजा हवा म्हणून डिसेंबरात पहाटे गेलात तर निराशा होईल. पण हीच सावली जवळच्या फोटोंना फार चांगली. हत्तींना अडवण्यासाठी बसवलेले दरवाजावरचे अणकुचीदार खिळे मागे ठेवून, फोटोची चौकट पूर्ण भरून घ्या आणि आकाश वगळा. आकाश चौकटीत आलं की ते पांढरं फटक होतं किंवा चेहरे काळे पडतात. दरवाजावर तिरपं ऊन हवंच असेल तर एप्रिल ते ऑगस्ट, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा.

आगाखान पॅलेसचा प्रश्न वेगळा. त्याच्या कमानी आणि रुंद व्हरांडे पुण्यातल्या सगळ्यात भरवशाच्या सावलीच्या जागा आहेत. कडक उन्हातही तिथे चेहरे सुंदर येतात. पण प्रवेश सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. नोव्हेंबरअखेरीस साडेपाचपर्यंत खालचा, तिरपा उजेड मिळून जातो. मेमध्ये साडेपाचला सूर्य अजून वीस अंशांवर असतो आणि बाहेर पडावं लागतं. म्हणजे आगाखान हिवाळ्यात घ्यावं, उन्हाळ्यात फक्त व्हरांड्यासाठी. आणखी एक. ही वास्तू १८९२ची असली तरी तिची खरी ओळख राष्ट्रीय स्मारक म्हणून आहे. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १९४२मध्ये आणि कस्तुरबा १९४४मध्ये इथेच स्थानबद्धतेत असताना गेल्या, आणि दोघांच्या समाध्या याच आवारात आहेत. समाधीच्या भागात शूट करू नये, मग कुणी अडवो न अडवो.

शनिवारवाडा आणि आगाखान दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेले फोटो वेगळे; ट्रायपॉड, लाइट, कपड्यांच्या बॅगा आणि पाच जणांची टीम दिसली की परवानगीचा कागद मागितला जातो. ती परवानगी आधी काढावी लागते, फाटकावर मिळत नाही. ‘बघून घेऊ’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरकडून हा मुद्दा लेखी घ्या.

पाण्याकाठी: खडकवासला, मुळशी, पवना

खडकवासला सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्यात गर्दीचं. चौपाटीच्या बाजूने पाणी पश्चिमेकडे पसरलेलं दिसतं, त्यामुळे ही जागा संध्याकाळचीच. पण डिसेंबरात सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे सरकलेला असतो, आणि मेअखेर तेवढाच उजवीकडे. पाण्यावर सोनेरी पट्टा हवा असेल तर आदल्या आठवड्यात त्याच वेळी जाऊन, फोनचं होकायंत्र धरून काठावरची जागा नक्की करा. शनिवार-रविवार तिथे कणसं, भजी आणि गाड्यांच्या गर्दीत चौकट रिकामी मिळत नाही. मंगळवार ते गुरुवार उत्तम. समोरच्या काठावर एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिकडे लांब लेन्स रोखू नका आणि ड्रोनचा विचारही करू नका.

मुळशी पुण्यापासून साधारण ४५ किलोमीटर, पवना त्याहून थोडं लांब. दोन्हीकडे मोकळीक जास्त. पवनेच्या मागे तुंग, तिकोना, लोहगड यांच्या रेषा मिळतात, मुळशीला दाट हिरवाई. काठाच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी खाजगी किंवा कॅम्पवाल्यांच्या आहेत, त्याचे पैसे वेगळे. उलट त्यांच्याकडे कपडे बदलायला खोली मिळते आणि याची किंमत तिथे गेल्यावरच कळते.

धरणकाठाचा मोसम नीट बघा. सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत पाणी काठोकाठ असतं. एप्रिल-मेमध्ये ते मागे सरकतं आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला दिसणारा हा गाळ आतून ओला असतो, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि लेहंग्याचा घेर गेलाच समजा. पाण्यात उतरून फोटो काढणं कुठल्याही महिन्यात टाळा. काठ एकदम खोल होतो आणि पावसाळ्यात विसर्ग वाढला की पातळी बघता बघता चढते. घोट्याएवढ्या पाण्यातही भिजलेली नऊवारी किंवा घेरदार लेहंगा माणसाला खाली ओढतो.

वेताळ टेकडी

ऑक्टोबर ते जानेवारी टेकडीवरचं गवत वाळून सोनेरी होतं. संध्याकाळचा उजेड त्या गवताच्या मागून आला की प्रत्येक पातं पेटल्यासारखं दिसतं. शहरात राहून इतकं मोकळं माळरान दुसरीकडे मिळणार नाही. गवताच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याएवढं खाली बसून, ८५ मिमी लेन्सने घ्या; दोघांचे चेहरे एका रेषेत नसतील तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/२.८पेक्षा मोठं उघडू नका, नाहीतर एकाचे डोळे धूसर होतात.

आता कुसळं. नोव्हेंबर-डिसेंबरात हे गवत कुसळं सोडतं आणि ती नेटच्या लेहंग्यात, लोकरीच्या जॅकेटमध्ये, साडीच्या काठात अशी घुसतात की एकेक उपटून काढावी लागतात. टेकडीसाठी गुळगुळीत कापड निवडा: सॅटिन, सुती कुर्ता, डेनिम. पायात बूट, आणि चपला-हिल्स पिशवीत. फेब्रुवारीनंतर वणव्यांनी जळालेले काळे पट्टे दिसू लागतात, तेव्हा टेकडी यादीतून काढा. वर कपडे बदलायची सोय नाही, पाणीही सोबतच न्यायचं. जमीन वन खात्याची आहे, व्यावसायिक शूटसाठी त्यांना विचारून जावं. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी खाली उतरावं.

सिंहगडाबद्दल थोडक्यात: राज्य संरक्षित स्मारक आहे, तानाजी मालुसरे आणि राजाराम महाराजांची समाधी तिथे आहे, आणि गडावर प्री-वेडिंगच्या पोझ अनेकांना मनापासून खटकतात. डोंगर हवा असेल तर पायथ्याच्या बाजूने गड मागे ठेवा.

दुपारच घ्यावी लागली तर

एम्प्रेस गार्डनची जुनी, उंच झाडं किंवा कोरेगाव पार्कच्या वडांच्या गल्ल्या. शूटचं शुल्क एम्प्रेसमध्ये आधी विचारून घ्या. महापालिकेच्या बागा, अगदी पु. ल. देशपांडे उद्यानही, दुपारी बंद असतात. झाडाच्या ऐन मध्यात उभं राहिलं की पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर येतात आणि हिरव्या रंगाची छटा त्वचेवर चढते. सावलीच्या कडेपासून मीटरभर आत, तोंड मोकळ्या आकाशाकडे, असं उभं राहा. रिफ्लेक्टर पांढरा वापरा; चंदेरीने डोळे मिटतात, सोनेरीने चेहरा पिवळा होतो.

कुणी काय घ्यावं

पारंपरिक पोशाख, सोबत आजी-आजोबा आणि अर्ध्या दिवसात उरकायचं असेल तर पेठ, सकाळी साडेसात ते साडेनऊ. पाश्चात्त्य पोशाख आणि दोघंच असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेकडी. पूर्ण दिवस आणि बजेट हाताशी असेल तर मुळशी किंवा पवना. एप्रिल-मेमध्ये सुट्टी मिळत असेल तर सकाळ सोडून दुसरं काही ठरवू नका. एका दिवसात चार जागा करू नयेत. दोन जागांमध्ये प्रवास, कपडे आणि मेकअपची डागडुजी धरून दीड तास जातो, आणि चांगला उजेड दिवसातून दोनदाच, पाऊण-पाऊण तास असतो.

खडकवासल्याचा डिसेंबरातला आराखडा असा: मेकअप साडेबाराला सुरू, स्वारगेटहून पावणेतीनला निघायचं, पावणेचारला काठावर. सव्वाचारपर्यंत एकेकट्याचे फोटो, पाचपर्यंत सावलीतले जोडीचे, पुढचा तास फक्त पाणी आणि तिरपा उजेड. सूर्य मावळल्यावर सामान आवरू नका. कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/१२५ सेकंद, आणि निळसर उजेडाची ती वीस मिनिटं.

जून ते सप्टेंबरमधल्या शूटचं बुकिंग करत असाल तर करारात पर्यायी तारीख आजच लिहून घ्या, आणि ‘पाऊस’ म्हणजे काय तेही. नुसतं ढगाळ असेल तर शूट होतं, उलट चेहऱ्यांसाठी तो उजेड उत्तम. शूट रद्द करायचं की नाही ते पहाटे किती वाजता ठरवायचं, कुणी ठरवायचं आणि त्या वेळी मेकअप आर्टिस्टचे पैसे कोण देणार, या तीन ओळी करारात नसतील तर पावसाच्या सकाळी भांडण ठरलेलं.