इंजिनचा दिवा विझवून देणारं गॅरेज

पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये, इंजिनला जवळजवळ खेटून, धुरातले विषारी वायू कमी करणारा पत्र्याचा एक डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, र्‍होडियम यांचा पातळ थर. नावं वाचूनच कळेल की भंगारवाला हा डबा किलोवर का घेत नाही. माझ्या गाडीतला हा डबा गॅरेजवाल्याने काढून घेतला आणि काढून घेण्याचे पैसेही माझ्याकडूनच वसूल केले. सुरुवात झाली ती एका पिवळ्या दिव्यापासून, म्हणून तिथूनच सांगते.

गाडी २०१४ ची, पेट्रोल. पुण्यात पहिला जोराचा पाऊस झाला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गाडीच्या पळण्यात काही फरक नव्हता, अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं होतं इतकंच. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं एक गॅरेज घराजवळ आहे. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, अंगावर लोगो असलेले टी-शर्ट. स्कॅनर लावला, दोन कोड आले: पी०१३५ आणि पी०१४१. सुपरवायझरने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "मॅडम, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत. कॉम्प्युटरच सांगतोय."

कॉम्प्युटर असं काहीही सांगत नव्हता. ऑक्सिजन सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. असे सेन्सर दोन: एक कन्व्हर्टरच्या पुढे, एक मागे. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड, पी०१४१ म्हणजे मागच्या. सर्किटमध्ये हीटर आला, तशीच वायर आली, कनेक्टर आला, फ्यूज आला, रिले आला. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर शोधायचं काम मिस्त्रीचं. आणि दोन वेगवेगळ्या जागी बसवलेले दोन हीटर एकाच दिवशी जळाले असं समोर येतं, तेव्हा दोघांना मिळून जिथून करंट येतो ती जागा आधी बघायची असते. फ्यूजपाशी टेस्ट लॅम्प लावायला दोन मिनिटं लागत नाहीत. इथे कुणी बॉनेटही धड उघडलं नाही.

दोन सेन्सर, लेबर धरून अकरा हजार चारशे. दिवा विझलेला. काही दिवसांनी पाऊस झाला आणि दिवा परत हजर, कोड तेच. गॅरेजवाल्याने "नवीन सेन्सर सेट व्हायला वेळ लागतो" म्हणून कोड पुसून दिले. मग परत. परत पुसले. एकदा "थ्रॉटल बॉडी साफ केली" म्हणून नऊशे रुपये लावले. तिचा या कोडशी दुरूनही संबंध नाही.

या पुसापुशीत खरी मेख आहे. बहुतेक बिघाडांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत सापडला तरच कॉम्प्युटर दिवा लावतो. पहिल्या फेरीत तो नुसता पेंडिंग म्हणून नोंदवून ठेवतो. म्हणजे काहीही दुरुस्त न करता कोड पुसला तरी गाडी गॅरेजमधून बाहेर पडताना दिवा बंदच असणार, घरी पोचेपर्यंत बंदच असणार, आणि तोवर बिल भरून झालेलं असतं. त्यात आमच्यासारखा दोष फक्त ओलाव्यात येणारा असेल तर गॅरेजवाल्याला आठवडाही मिळतो. शिवाय कोड पुसताना त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमही जाते. दोष आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती, आरपीएम किती, हे सगळं त्या नोंदीत असतं. चांगला मिस्त्री आधी तीच बघतो. इथे दर वेळी पुरावाच धुतला जात होता.

मग एके दिवशी मला सुपरवायझरऐवजी मालकाच्या केबिनमध्ये बसवलं. मालकांचा सूर वडिलकीचा. "मॅडम, सेन्सर आम्ही बदलले, तरी दिवा येतोय. म्हणजे कन्व्हर्टर चोक झालाय. तो सेन्सर खातो. असाच ठेवलात तर इंजिन जाईल." कंपनीचा पन्नास हजारांच्या घरात, पण "ओईएम क्वालिटीचा", म्हणजे कंपनीच्या तोडीचा, चोवीस हजारांत बसवून देतो, आणि जुन्या डब्याचे दीड हजार वजा करतो. या दीड हजारांमुळे माणूस भला वाटला. भंगाराचे पैसे स्वतःहून देणारा गॅरेजवाला आपण कुठे बघतो?

कन्व्हर्टर खरंच चोक झाला तर गाडी चढावर दम तोडते, आरपीएम वर चढत नाही. माझी गाडी कात्रजचा घाट तिसऱ्यात चढत होती. आणि कन्व्हर्टर निकामी झाल्याचा कोड वेगळा आहे, पी०४२०. तो कधीच आला नव्हता. इथे गॅरेजवाले एक खरी गोष्ट पुढे करतात, तीही सांगून ठेवते: हीटरचा दोष असताना बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर कन्व्हर्टरची तपासणी करतच नाही, त्यामुळे कोड आला नाही म्हणजे डबा चांगला असं सिद्ध होत नाही. मान्य. पण मग तो खराब आहे हे कशावरून ठरवलं? बॅकप्रेशर, म्हणजे डब्यामागे तुंबणाऱ्या धुराचा दाब, मोजलं नव्हतं, गॅस टेस्ट केली नव्हती. केबिनमध्ये बसून ठरवलं होतं.

नवा डबा बसला, दिवा विझला, पाऊस आला, दिवा लागला. पी०१३५, पी०१४१.

नणंदेच्या ओळखीने हडपसरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पत्र्याची शेड, एक मल्टिमीटर, वय साठीच्या पुढे. त्यांनी सेन्सरचं कनेक्टर सोडवून चावी ऑन केली आणि टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लागला. मग बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी वायरिंग हाताने हलवली, लॅम्प फडफडून विझला. "ताई, उंदीर." टेप सोडल्यावर दिसलं: दोन्ही हीटरना करंट देणाऱ्या वायरचं आवरण कुरतडलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोन-चार तारांवर लटकलेलं. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर श्रिंक ट्यूब चढवली. सहाशे रुपये. हीटरचे कोड त्यानंतर आलेले नाहीत, भर पावसातही.

काकांनीच "त्या लोकांनी सेन्सर कुठला लावलाय बघू" म्हणून टॉर्च मारला. दोन्हींवर ना कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर. बिलात मात्र नामांकित कंपनीचा सेन्सर लिहिलेला. ते बिलही कच्चं, जीएसटी नंबर नसलेलं.

पुढचं प्रकरण हीटर चालू झाल्यावर उघडं पडलं. आता कॉम्प्युटर कन्व्हर्टरची तपासणी करायला मोकळा झाला, आणि या गाडीच्या आयुष्यात पहिल्यांदाच पी०४२० आला. तोही चोवीस हजारांच्या नव्या डब्यावर! काकांनी लाइव्ह डेटा दाखवला. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज सतत खालीवर होतो, साधारण ०.१ ते ०.९ च्या दरम्यान, ते बरोबरच आहे. डबा काम करत असेल तर मागच्या सेन्सरची रेघ जवळपास सरळ राहते. माझी मागची रेघ पुढचीची नक्कल करत होती. म्हणजे आत वीट असली तरी तिच्यावर धातू नावापुरता.

पीयूसीचे जुने कागद मी टाकत नाही, ते इथे उपयोगी पडले. आदल्या वर्षीच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ०.०६ टक्के होता. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ ची आहे. नवा डबा बसल्यावर आकडा आला ०.४४, गाडी नापास. (पीयूसीवाल्याने खरोखर नळी आत घातली तरच या कागदाला अर्थ आहे, हे पुणेकरांना सांगायला नको.) "तुमचा आधीच खराब होता" या मालकांच्या उत्तराला माझ्याकडे असलेला हा सर्वांत सरळ जबाब.

जुना डबा मागितला तर "तो कंपनीत जमा झाला." कुठल्या कंपनीत? उत्तर नाही.

गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल आणि तोच दिवा परत परत येत असेल, तर हजारभरात मिळणारं, गाडीचे कोड मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल आधी घ्या. गॅरेजला देण्यापूर्वी कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाडी परत घेताना दिवा बघू नका, पेंडिंग कोड बघा, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' दिसतं तेही बघा. "परवा दुरुस्त केली, काल तीस किलोमीटर चालवून बघितली" असं सांगणाऱ्याच्या गाडीत तो आकडा एक किलोमीटर असेल तर तिथेच उभं राहून विचारा. रेडीनेसच्या, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून करतो त्या, तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर त्याचाही अर्थ बहुधा हाच, की कोड नुकतेच पुसलेत आणि गाडीने अजून स्वतःची परीक्षा दिलेली नाही. सेन्सर बदलण्याआधी कनेक्टरवर व्होल्टेज किती आला ते विचारा. न मोजता बदलायला निघालेल्याला बदलू देऊ नका. कन्व्हर्टरवर कोरलेल्या नंबरचा फोटो घ्या. जुना पार्ट घरी न्या, तो कितीही काळा आणि जड असला तरी.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर सेन्सरचे पैसे परत आले, मालकांच्या शब्दांत "संबंध टिकावेत म्हणून". कन्व्हर्टरबद्दल हात वर. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. इलेक्ट्रिशियनकाकांनी कापलेला वायरचा तुकडा आणि काय सापडलं ते स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. कच्च्या बिलापेक्षा यूपीआयचे व्यवहार कामाला येतील असं वकील म्हणतात.

तोवर गाडीला चांगला डबा हवाच. कंपनीचा नवा परवडत नाही, म्हणून जुन्या स्पेअरच्या बाजारात चौकशी केली. एकाकडे माझ्याच मॉडेलचा ओरिजनल होता, अठरा हजार. कुठल्या गाडीचा, विचारलं. "घ्यायचा असेल तर घ्या." नंबर बघू म्हटलं, तर नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला.