हात थरथरतो: अल्ट्रासाऊंड की मेंदूत तार?

पेजेची वाटी तोंडापर्यंत नेताना अर्धी सांडते, बँकेत सही जुळत नाही, आणि प्रोप्रॅनोलॉल, प्रिमिडोन ही कंपावरची औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फरक नाही. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात आपोआप थरथरण्याचा आजार, इथवर आला, की मगच या दोन उपायांकडे वळावं.

दोन्हींचा नेम एकाच जागी असतो: मेंदूत खोल असलेल्या थॅलॅमसमधला काही मिलिमीटरचा 'व्हिम' हा भाग. कंपाची लय तिथूनच पुढे जाते.

फोकस्ड अल्ट्रासाऊंडमध्ये हेल्मेटातल्या १०२४ स्रोतांच्या लहरी कवटी न उघडता त्या बिंदूवर एकवटतात. सहसा डोक्याचा पूर्ण गोटा करावा लागतो. केसांत हवेचा बुडबुडा अडकला तर लहर अडते, कातडी भाजू शकते. रुग्ण एमआरआयमध्ये जागा असतो. आधी ती जागा पन्नासेक अंशांपर्यंत थोडाच वेळ तापवतात. पेशी तात्पुरत्या गप्प होतात आणि रुग्णाला कागदावर गोल गोल वेटोळं काढायला सांगतात. रेघेतली थरथर गेली, जीभ-बोटं बधिर नाहीत, तरच ५५ ते ६० अंश. त्या पेशी मग मेल्या, माघार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७६ रुग्णांच्या चाचणीत हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी ४७ टक्के, वर्षाने ४० टक्के कमी होता. वर्षानंतरही १४ टक्के रुग्णांत बधिरपणा आणि ९ टक्क्यांत चालताना तोल जाणं उरलं होतं.

डीबीएसमध्ये (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) कवटीला भोक पाडून मेंदूत तार बसवतात, बॅटरी छातीत. सेकंदाला साधारण १३० विजेचे ठोके देऊन बिघडलेली लय मोडतात. पेशी जिवंत राहतात, ठोके कमीजास्त करता येतात. जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचा धोका मात्र खरा. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, सेटिंगसाठी खेपा वेगळ्या. गोव्यातल्या काणकोणहून दर वेळी राज्याबाहेर जायचं असेल तर हे आधी धरा.

वय जास्त, एकाच हाताचा त्रास, भूल झेपत नाही: आम्ही अल्ट्रासाऊंड सुचवू. दोन्ही हात थरथरत असतील आणि प्रकृती ठणठणीत असेल तर डीबीएस.

पेशी न जाळता, नुसत्या दाबाने त्यांची कॅल्शियमची दारं उघडणारा सौम्य अल्ट्रासाऊंडही आहे, पण तो अजून संशोधनात आहे. कुणी कंपावरचा उपचार म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका.

आणि पेशी जाळणारा अल्ट्रासाऊंड करायचा असेल तर कवटीची घनता आधी मोजून घ्या. कवटीच्या मधल्या सच्छिद्र थराच्या घनतेचं बाहेरच्या कठीण थराशी गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर पुरेशी उष्णता आत पोचणं अवघड होतं. पातळ छेदांचा सीटी गोव्यातच काढून सीडी पाठवली तर चालेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.