पश्चिमेच्या भिंतीचं इन्सुलेशन: आतून की बाहेरून, आणि प्लास्टिक लावायचं का?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली पश्चिमेची बेडरूम रात्री दहापर्यंत तापलेलीच असते, म्हणून इंटिरिअरवाल्याला बोलावलं की सहसा दोन कोटेशनं हातात पडतात. एकात भिंतीवर जीआय चॅनेल (जस्त चढवलेल्या पत्र्याची चौकट), त्यात ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी), त्यावर प्लास्टिकचा कागद आणि शेवटी जिप्सम बोर्ड. दुसऱ्यात एक्सपीएसच्या, म्हणजे दाट कडक फोमच्या, शीट थेट भिंतीला चिकटवून वर बोर्ड. सोसायटीत मेजर रिपेअरचा विषय निघालेला असेल तर कमिटीतलं कुणीतरी तिसरा पर्याय काढतं: बाहेरूनच करून टाकू की सगळ्या इमारतीला. 50 मिलिमीटर जाडी धरली तर तिघांची ऊन अडवण्याची ताकद उन्नीस-बीस असते. खरा फरक भिंतीतून वाफ कशी जाते-येते यात आहे, आणि त्याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळही नसते.

ग्लासवूलवाल्याला प्लास्टिक कशाला म्हणून विचारा, उत्तर तयार असतं. "साहेब, प्लास्टिक टाकतोच आम्ही. ओल आत येणारच नाही." हे तो मनाचं सांगत नाही. ही पद्धत थंड देशांतून आली आहे आणि तिथे ती चुकीची नाही. कॅनडात हिवाळ्यात घरात 21 अंश आणि बाहेर उणे 15 असताना स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ आतून बाहेर निघते आणि भिंतीच्या थंड बाजूला जाऊन पाणी होते. म्हणून वाफ अडवणारा थर उबदार बाजूला, म्हणजे आतून. अमेरिकेचा इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडही थंड हवामान विभागांत (आकडा मोठा तितकी थंडी जास्त), 5 ते 8 आणि पश्चिम किनाऱ्याच्या सागरी 4 मध्ये, लाकडी चौकटीच्या भिंतींना आतून असा थर लावायला सांगतो. त्यासाठी तो पदार्थांचे तीन वर्ग करतो: 0.1 पर्मपर्यंतचा पहिला, त्यात पॉलिथिन आणि अॅल्युमिनियम फॉइल. 1 पर्मपर्यंतचा दुसरा. 10 पर्मपर्यंतचा तिसरा, त्यात साधा इमल्शन रंग बसतो. पर्म म्हणजे वाफ किती सहज आरपार जाते त्याचं माप. आकडा जितका लहान तितकी वाट बंद.

पण त्याच कोडच्या 2021 च्या आवृत्तीत उष्ण विभागांना आतून पहिल्या वर्गाचा थर लावायला मनाई आहे. आणि अॅश्रे या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या हवामान वर्गीकरणात मुंबई परिसर 0ए मध्ये येतो, म्हणजे अतिउष्ण आणि दमट. अमेरिकेतल्या दमट दक्षिण फ्लोरिडापेक्षाही एक पायरी वर.

आपल्याकडे वाफ उलट्या दिशेने चालते. पावसाळ्यात एसी लावून गाडी चालवताना काच बाहेरून धुरकट होते आणि वायपर मारला की साफ होते, तेच भिंतीत घडतं, फक्त तिथे वायपर नाही. आकडे घालून पाहा. जुलैत बाहेर 28 अंश आणि आर्द्रता 88 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, जवळपास 26 अंशांवर असतो. खोलीत एसी 24 वर. ग्लासवूलच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक खोलीच्याच तापमानाला, म्हणजे साधारण सव्वाचोवीसला असतं. बाहेरून आत सरकणारी वाफ ग्लासवूलमधून सहज जाते आणि या थंड कागदावर येऊन थबकते. तिथेच पाणी. खोलीतून काहीच दिसत नाही. वर्ष-दीड वर्षाने बोर्डाच्या तळाशी स्कर्टिंगजवळ हात लावला की बोर्ड मऊ लागतो, आणि तो कापून काढला की प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंबांची रांग दिसते, खालच्या चॅनेलला गंज आणि बोर्डाच्या कागदावर काळे ठिपके. जिप्सम बोर्डाचा कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य. विनाइल वॉलपेपरही असाच वागतो. फ्लोरिडासारख्या ठिकाणी हॉटेलांच्या खोल्यांत त्यामागे गुलाबी डाग उमटायचे, ते यामुळेच.

नुसत्या वाफेचा हिशेब मात्र वाटतो तेवढा भयंकर नाही. बाहेर-आतल्या बाष्पदाबात (वाफेच्या रेट्यात) 1.7 किलोपास्कलचा फरक धरला तर 1 पर्मच्या थरातून चौरस मीटरमागे दिवसाला आठेक ग्रॅम पाणी जातं. नऊ इंची विटांची भिंत स्वतःच एक पर्मच्या आत असते. मग पाणी येतं कुठून? पावसातून. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर तिरका येऊन दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर आपटतो, आणि गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांतून विटा ते पिऊन घेतात. सप्टेंबरात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की ही भिजलेली भिंत दुपारी 40 अंशांना तापते. त्या तापमानाला संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेल्या हवेचा बाष्पदाब 7.4 किलोपास्कल, म्हणजे जुलैतल्या दमट हवेच्या दुपटीहून जास्त. तो वाफ आत ढकलतो. त्यामुळे ऐन पावसात बरी असलेली भिंत नवरात्राच्या सुमारास वास मारायला लागली, तर नवल नाही.

म्हणून पहिला पर्याय घ्यायचाच असेल तर प्लास्टिक आणि फॉइल वगळून घ्या. बोर्डाला साधा इमल्शन द्या. आत आलेली थोडी वाफ खोलीत उतरेल आणि एसीच्या ड्रेनच्या पाइपातून निघून जाईल. रॉकवूलही (दगडी तंतूंची गादी) चालेल, वाफेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच मोकळे. एवढं करूनही हा पर्याय मला तिसऱ्या क्रमांकाचाच वाटतो, कारण चॅनेलमागे पोकळी राहते. एसीच्या कॉपर पाइपचं भोक, स्विचबोर्डाची पेटी, स्लायडिंग खिडकीची कड, कुठूनही बाहेरची हवा त्यात शिरते. स्वयंपाकघरातली चिमणी चालू केली की घर ही हवा जोराने आत ओढतं, आणि अशा फटीतून येणारं पाणी पदार्थातून झिरपणाऱ्या वाफेच्या कितीतरी पट असतं.

फ्लॅटमालकाला एकट्याच्या हिमतीवर करता येण्याजोगं त्यातल्या त्यात बरं म्हणजे एक्सपीएस. 50 मिलिमीटरची शीट साधारण अर्ध्या पर्मची, म्हणजे तीच वाफ अडवते आणि तीच उष्णता अडवते. पण ती अडवते भिंतीकडच्या गरम अंगाला. मघाच्याच जुलैच्या हवेत विटा आणि शीट यांच्या सांध्यात तापमान सत्तावीसच्या वर राहतं, दवबिंदू 26, त्यामुळे वाफेचं तिथे पाणी होत नाही. भिंत पावसाने भिजलेली असली तरी एक्सपीएस पाणी पीत नाही आणि बुरशीला त्यात खाण्याजोगं काही नसतं. अट एवढीच की शीट सलग चिकटवायची, मधे ठिगळं नकोत, आणि सांधे फोमने व टेपने बंद करायचे. चार ठिकाणी गोळा लावून दाबून बसवली तर मागे पुन्हा पोकळी तयार. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो वाफ जास्त सोडतो आणि आपल्याकडे मिळणाऱ्या मालाची घनता विचारल्याशिवाय कळत नाही. आगीचं म्हणाल तर दोन्ही फोम उघडे ठेवायचे नाहीत, वर जिप्सम बोर्ड हवाच. जागा जाते: शीट, बोर्ड, चिकटवण मिळून अडीच-तीन इंच. दहा फूट लांब भिंतीला अडीच चौरस फूट कार्पेट गेलं. ठाण्यातला भाव बघता ते झोंबतं.

बाहेरून करणं शास्त्राला सगळ्यात धरून. वाफेचा आणि पावसाचा अटकाव दोन्ही गरम बाजूला, आतला गिलावा कोरडा आणि मोकळा. तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यांच्या पॅनेलची वाफ अडवणारी बाजू नेहमी बाहेरच असते. कॉलम-बीमचं काँक्रीटही झाकलं जातं, जे आतून कधीच होत नाही. मिव्हानच्या टॉवरमध्ये, जिथे बाहेरची अख्खी भिंतच 150-160 मिलिमीटर काँक्रीटची असते, हा फायदा मोठा आहे, कारण काँक्रीट विटेपेक्षाही उष्णता लवकर आत सोडतं. आतली भिंत थंडावा धरून ठेवते. एसी लावल्यावर खोली गार व्हायला सुरुवातीला थोडा जास्त वेळ लागतो, हा त्याचाच दुसरा अर्थ.

अडचण परवानगीची आणि पैशांची. बाहेरची भिंत सोसायटीची, एका फ्लॅटपुरतं करता येत नाही. परांची बांधण्याचा खर्च एवढा असतो की गिलावा उतरवून दुरुस्ती होणारच असेल तेव्हाच हे काम त्यात बसवावं. आणि उंच इमारतीवर फोम लावायचा असेल तर मी दहा वेळा विचार करीन. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला बाहेरच्या आवरणातून आग वर चढली आणि 72 माणसं गेली. तिथे पॅनेलच्या पोटात पॉलिथिन होतं आणि मागे पॉलिआयसोसायन्युरेट फोम. टॉवरला बाहेरून रॉकवूलच. ते वाफेला मोकळं आहे, त्यामुळे अशा भिंतीत पाऊस अडवायचं काम वरच्या जाळीच्या गिलाव्याला आणि रंगालाच करावं लागतं. बारीक भेग पडली तरी बघावं लागतं.

आपले कोड यात किती मदत करतात? उष्णतेबाबत बरीच. घरांसाठीच्या ऊर्जाबचत कोडचा, म्हणजे इको निवास संहितेचा, 2018 चा पहिला भाग दमट-उष्ण हवामानातल्या निवासी इमारतींना भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेसाठी 15 वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा घालतो. व्यापारी इमारतींसाठीच्या ईसीबीसी 2017 या ऊर्जाबचत कोडमध्ये भिंतीचं यू-मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) बहुतेक प्रकारांना 0.40 पर्यंत आणायला लागतं, आणि खिडक्या-दारांच्या फटी बंद करायचंही त्यात आहे. मर्यादा गाठण्यासाठी इन्सुलेशन येणार, आणि त्याबरोबर वाफेचा प्रश्न. अमेरिकेसारखे पर्मचे वर्ग लावून थर कोणत्या बाजूला हे आपल्याकडे रोजच्या कामात कुणी विचारत नाही, म्हणून कन्सल्टंटला तुम्हीच विचारायचं. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या इमारतीत तर आधी हेच तपासा की इन्सुलेशनची गरज आहे का. 200 मिलिमीटर ब्लॉकचं यू-मूल्य गिलाव्यासकट 0.7 च्या आसपास येतं, आणि तिथे उकाडा बहुतेक वेळा उघड्या पश्चिमेच्या काचेतून येतो. छज्जा किंवा बाहेरचा पडदा आधी. ब्लॉक पाणी पितो, म्हणून कॉलमच्या सांध्याची जाळी आणि भेगा मात्र डोळ्यात तेल घालून बघाव्या लागतात.

एसी फक्त रात्री, तोही 26-27 वर चालवत असाल, तर वाफेचं गणित बरंच सोपं होतं, कारण आतला पृष्ठभाग दवबिंदूच्या वरच राहतो. अशा घराला बाहेरच्या भेगा भरून चांगला अॅक्रिलिक रंग आणि ऊन अडवणं एवढंच पुरतं असं माझं मत. ऐरोली-महापेतलं चोवीस तास एसीचं ऑफिस किंवा क्लिनिक असेल तर मात्र बाहेरून, नाहीतर एक्सपीएस.

काहीही ठरवलं तरी आधी भिंत कोरडी आहे का ते बघा. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला बंद चिकटवून, एसी बंद ठेवून, दोन दिवस ठेवा. मागच्या अंगाला पाणी जमलं तर भिंत ओली आहे. बाहेरून पावसाचं पाणी शिरत असेल तर आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीची, सेक्रेटरींना लेखी द्या. बाथरूममधून असेल तर ती सभासदाची. कोरडी निघाली तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बोर्ड चढवा. मे संपता संपता कारागीर "होऊन जाईल साहेब" म्हणतो तेव्हा काम दिवाळीनंतर ढकललेलं बरं.