नाशिकच्या शालिमारजवळचे रिपेरिंगवाले काका आणि माझा जुना डीबी स्पेक्ट्रम कॉम्प्युटर : पाचपैकी चार स्टार

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. काकांनीच दम दिलाय, नाव टाकलंस तर पुढच्या वेळी तुझ्या डब्याला हात लावणार नाही, आधीच मिक्सर आणि होम थिएटर पडलेत ढीगभर, त्यात तुमच्यासारखी येडी गिऱ्हाईकं नकोत. तर शालिमारच्या मागच्या गल्लीत एक अरुंद जिना आहे, वर गेलं की कथलाचा वास येतो, तेच दुकान. ज्याला गरज आहे तो विचारत विचारत पोचेल.

मशीन माझं नाही, मामाचं. मामा तेव्हा सातपूरला कंपनीत होता आणि ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्याने डीबी स्पेक्ट्रम प्लस घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर इंग्लंडात एप्रिल १९८२ ला आला, १६ के (म्हणजे १६ किलोबाइट मेमरी) वाला १२५ पौंडाला आणि ४८ के वाला १७५ ला, मग १९८४ मध्ये कडक बटणांचा प्लस आला आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या आपल्या कंपनीने तोच प्लस लायसन घेऊन इथे विकायला काढला. खपला पण चांगला, ५० हजारांच्या वर. आता मात्र एक चालू पीस शोधून दाखवा. बहुतेक सगळे भंगारात गेले, कारण दिसायला तो नुसता की-बोर्ड, अख्खा कॉम्प्युटर त्याच्या पोटात आहे हे घरच्यांना कुठे माहीत. आमचाही सिडकोच्या घरी माळ्यावर दिवाळीच्या कंदिलांखाली होता म्हणून वाचला.

वाचला आणि मी मारला. ओरिजिनल अ‍ॅडाप्टर हरवलेला, म्हटलं ९ व्होल्ट लिहिलंय ना, मग घरातल्या जुन्या राऊटरचा ९ व्होल्टचा लावू. लावला. काहीच झालं नाही, म्हणजे धूर नाही आवाज नाही, नुसती शांतता. नंतर कळलं की स्पेक्ट्रमला पिनच्या मधे निगेटिव्ह लागतं आणि राऊटरच्या अ‍ॅडाप्टरला मधे पॉझिटिव्ह असतं. हे वाचणाऱ्याने प्लीज आत्ता उठून आपल्या अ‍ॅडाप्टरवरचं ते गोल चिन्ह बघा. माझी दोन रात्री झोप उडाली, मामाला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

आधी एका चकाचक मोबाइलच्या दुकानात गेलो, तिथल्या पोराने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला सर हा यूएसबी की-बोर्ड नाहीये, नवीन घ्या साडेचारशेला मिळतो. मग ऑफिसमधल्या एकाने काकांचा पत्ता दिला.

काकांनी काय केलं तर आधी मला झापलं. अ‍ॅडाप्टरची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "अरे शिकला-सवरलेला दिसतोस आणि पोलॅरिटी बघता येत नाही?" मग बोर्ड उघडून मल्टिमीटरची टोकं लावली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले उणे पाच गेलंय. मी म्हटलं म्हणजे काय हो काका. तर हा माणूस हातातलं काम बाजूला ठेवून मला वीस मिनिटं समजावत बसला, मागे एक आजी टेबलफॅन घेऊन उभ्या होत्या त्यांचं काहीही न ऐकता. तर असं आहे, यात खालची १६ के मेमरी म्हणजे ४११६ नंबरच्या आठ चिपा. त्यांना तीन तीन व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. बाहेरून येतात ९ व्होल्ट, त्यातून हे १२ आणि उणे ५ बोर्डावरच एक कॉइल आणि टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. तो ट्रान्झिस्टर गेला की चिपांचे हाल, कारण उणे ५ नसताना बाकीचं व्होल्टेज मिळत राहिलं तर त्या आतून जळतात. माझ्या आठातल्या तीन गेल्या होत्या. वरची ३२ के शाबूत होती, आणि तिची गंमत काकांनी सांगितली ती मला फार आवडली, सिंक्लेअरने पैसे वाचवायला ६४ किलोबिटच्या अशा चिपा घेतल्या होत्या ज्यांचा अर्धा भाग कंपनीतच खराब निघालेला, चांगला अर्धा तेवढा वापरायचा. म्हणजे आपल्याकडे डागी आंबा कापून चांगली बाजू खातात तसंच की.

आता वाद. काका म्हणाले ४११६ आता मिळायला त्रास, मिळाल्या तरी जुन्याच, कधी जातील भरवसा नाही, आठही काढून ४१६४ टाकू, त्यांना नुसते ५ व्होल्ट लागतात, दोन-चार ठिकाणी जोडणी बदलायची की आयुष्यभर बघायला नको. डोक्याने विचार केला तर बरोबर आहे. पण मी अडलो, म्हटलं काका जे होतं तेच पाहिजे. ते चिडले, "मग तिजोरीत ठेव, चालवतोस कशाला?" अजूनही मला वाटतं की मी बरोबर होतो आणि हेही माहितीये की पुढच्या वेळी चिप गेली की काका मला सोडणार नाहीत. शेवटी मांडवली झाली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यांच्या ओळखीत ४११६ मागवल्या आणि आठही जागी सॉकेट बसवले, म्हणजे उद्या बदलायची तर नुसती उपटायची.

की-बोर्डच्या आतली प्लॅस्टिकची पट्टी वाळून कडक झालेली, हात लावताच तुटली. या मशीनचं हे ठरलेलं दुखणं आहे. नवीन पट्टी इंग्लंडात अजून बनते, ती मी मागवली, कस्टमचे पैसे वेगळे गेले. टीव्हीचं पण काम करून घेतलं, मूळ मशीन यूएचएफ चॅनल ३६ वर सिग्नल सोडतं आणि चित्राला मुंग्या येतात, काकांनी मॉड्युलेटरच्या (हा सिग्नल बनवणाऱ्या डबीच्या) आतल्या दोन वायरी सोडवून सरळ व्हिडिओ बाहेर काढला, आता पिवळी केबल लावली की झालं. वायरी कापल्या नाहीयेत, परत जोडता येतील, हे मी तीनदा विचारून घेतलं.

लेबरचे १८०० घेतले, चिपा-पट्टी सोडून. महाग वाटत असेल तर तुम्ही बसा सोळा पायांच्या आठ आयसी बोर्डावरचा तांब्याचा पत्रा न उचकटता काढत.

तक्रारी पण आहेत. आठ दिवस सांगून सात आठवडे लावले, मधे गणपती आले, मग पितृपक्षात काका गावी. फोन उचलत नाहीत. बिल देत नाहीत, फक्त रोख. आणि परत आला तेव्हा खालच्या बाजूचा एक स्क्रू भलताच, काळ्याच्या जागी पिवळट. विचारलं तर म्हणाले खाली कोण बघतं. मी बघतो ना!

तिथे बसून एक कळलं की आपण एकटे येडे नाही. एक जण शाळेच्या स्टोअरमधून लिलावात घेतलेला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर घेऊन आला होता, शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या १९८४ च्या सरकारी क्लास योजनेत शाळांना मिळालेले ते. चालू केल्यावर पाच मिनिटांत दुकानभर धूर. काका हललेसुद्धा नाहीत, म्हणाले पॉवर सप्लायमधला कागदी कॅपॅसिटर, तडा गेला की दमट हवा पितो आणि फुटतो, बाकी काही झालं नसेल. नव्हतंच झालं. तो माणूस रडायच्या बेताला आलेला तो चहा सांगायला धावला.

बायको विचारते मोबाइलवर फुकट एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारं अ‍ॅप) आहे, हेच गेम चालतात, मग हा कुटाणा कशाला. खरंय. पण ते J दाबल्यावर अख्खा लोड शब्द उमटणं, मग गेमची कॅसेट टेपरेकॉर्डरवर चालू केली की स्क्रीनच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक, आणि तो किंकाळीसारखा आवाज, आई आतून ओरडली फॅक्स आलाय का रे. तीन-चार मिनिटं श्वास धरून बसायचं आणि शेवटाला टेप लोडिंग एरर. परत रिवाइंड. शेवटी सगळं घेऊन काकांकडे गेलो, त्यांनी टेपच्या हेडचा बारका स्क्रू पाव फेरा फिरवला आणि पुढच्या झटक्यात मॅनिक मायनर हा गेम आला. मी ओरडलो, ते नाही ओरडले, पण चष्मा काढून पुसला.

जायचं असेल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी मिक्सरवाल्यांची गर्दी असते. अ‍ॅडाप्टर सोबत न्या आणि त्यावर बोलणी खायची तयारी ठेवा. एक स्टार त्या पिवळट स्क्रूचा कापलाय.

आणि माझी मॅनिक मायनरची कॅसेट अजून त्यांच्याकडेच आहे. कोणीतरी रिपेरला टाकून परत न आलेला एक स्पेक्ट्रम आहे तिथे, त्यावर रात्री शटर ओढून खेळतात म्हणे. दोनदा मागितली, तर सांगतात अजून पहिली गुहाच पार झाली नाही, थांब.